लाल तारखा, तिथल्या आणि इथल्या

बदलापूरच्या कुळगावात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, सगळं त्याच्यावर पेनाने लिहिलेलं. लेक मेलबर्नला गेल्यापासून त्यात आणखी एक खूण वाढली. मार्चचा दुसरा सोमवार, २५ एप्रिल, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, अशा काही चौकटींत काकू हिरव्या पेनाने बारीकसा गोल काढतात. त्या दिवशी मेलबर्नला सुट्टी. एरवीचा फोन दोन मिनिटांत उरकतो, हिरव्या गोलाच्या दिवशी तो तासभर चालतो.

"तारखा पाठ झाल्यात गं मला," काकू म्हणाल्या, "पण सुट्टी कसली, ते मात्र सगळं माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं. मग आम्ही दोघी एकेक गोल घेऊन बसलो. काही काकूंच्या लेकीने फोनवर सांगितलं, काही काकूंनी स्वतः पाहिलं होतं, कारण २०२२च्या डिसेंबरपासून २०२३च्या मार्चपर्यंत त्या लेकीकडे राहून आल्या होत्या. उरलेलं मी वाचून काढलं. ऑस्ट्रेलियाच्या सुट्ट्या समजून घेताना आपल्याच लाल तारखांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

सुट्टी देतं कोण?

आपल्याकडे दर वर्षी राज्य शासन सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतं. ती ज्या कायद्याखाली निघते, त्याचं नाव परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. हुंड्या, धनादेश, वचनचिठ्ठ्या यांचा हा कायदा. हुंडीची मुदत बँका बंद असलेल्या दिवशी संपली तर पैसे कधी द्यायचे, हा व्यापाऱ्याचा प्रश्न सोडवताना सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय, हे कायद्याला सांगावं लागलं. उत्तर असं की मुदत आदल्या कामाच्या दिवशी संपली असं धरायचं. गुढीपाडवा असो वा ईद, नाताळ असो वा आंबेडकर जयंती, आपल्या भिंतीवरच्या लाल आकड्याच्या मुळाशी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची ही व्यापारी गरज आहे. त्याशिवाय जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतात. गोपाळकाल्याची मुंबईतली सुट्टीही स्थानिकच.

ऑस्ट्रेलियातही देशभर सारख्या असणाऱ्या सुट्ट्या मोजक्याच आहेत: १ जानेवारी, २६ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, २५ एप्रिल, नाताळ आणि त्याचा दुसरा दिवस. बाकीचं ज्या त्या राज्याचं. राजाचा वाढदिवसच घ्या. राजे चार्ल्स जन्मले १४ नोव्हेंबरला, आपल्या बालदिनाच्या तारखेला. पण त्यांच्या वाढदिवसाची सुट्टी बहुतेक राज्यांत जूनच्या दुसऱ्या सोमवारी असते, पश्चिम ऑस्ट्रेलियात सप्टेंबरअखेर आणि क्वीन्सलँडमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी. मेलबर्न शहराला तर घोड्यांच्या शर्यतीसाठी हक्काची सुट्टी आहे. १८६१ पासून फ्लेमिंग्टनच्या मैदानावर मेलबर्न कप धावतो, आता नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास. काकूंचा तिसरा गोल तो हाच.

या दिवसांत नुसत्या मौजेचे काही आहेत. पण दोन-तीन असे आहेत, की त्यांच्यापाशी थांबावंच लागतं.

एकाच तारखेची दोन मनं

२६ जानेवारीला काकूंना हिरवा गोल काढावा लागत नाही, कारण ती तारीख आधीच लाल छापलेली असते. दोन्ही देशांना एकाच दिवशी राष्ट्रीय सुट्टी.

आपली २६ जानेवारी आपण निवडलेली आहे. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० रोजी गावोगाव लोकांनी स्वातंत्र्याची शपथ घेतली. राज्यघटना स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, पण त्या शपथेची आठवण राहावी म्हणून ती पूर्णपणे अमलात आणायला दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० हा दिवस धरला.

तिथली २६ जानेवारी १७८८ची. कॅप्टन आर्थर फिलिपच्या हुकमतीखाली अकरा जहाजांचा ताफा ब्रिटनमधले कैदी घेऊन आला आणि त्या दिवशी सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण रोवलं गेलं. त्या भूमीवर पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ राहत आलेल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. या घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २६ जानेवारी १९३८ रोजी, सिडनीत जल्लोषाची मिरवणूक निघाली. त्याच दिवशी त्याच शहरातल्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन, विल्यम कूपर आणि त्यांचे आदिवासी साथी जमले. त्यांनी त्या दिवसाला शोकदिन म्हटलं आणि पूर्ण नागरिकत्वाचे हक्क मागितले. १९७२ची २६ जानेवारी उजाडताना चार आदिवासी तरुण कॅनबेराच्या संसदेसमोरच्या हिरवळीवर छत्री रोवून बसले. जमिनीचा हक्क मागण्यासाठी आपल्याच देशात त्यांनी आपला दूतावास मांडला. देशभर एकाच तारखेला सुट्टी द्यायची हा रिवाज १९९४ पासूनचा. आजही त्या दिवशी एकीकडे समुद्रकिनारी कुटुंबं जमतात, नागरिकत्वाचे शपथविधी होतात, आणि दुसरीकडे हा आक्रमणाचा दिवस आहे म्हणत हजारो लोक मोर्चात चालतात.

काकूंच्या जावयाने नागरिकत्वाची शपथ याच दिवशी घेतली. शपथविधीच्या खोलीत आनंदच होता, आणि तो खरा होता. पण काकूंच्या मनात राहिली ती फेब्रुवारीतली गोष्ट. नातवाची शाळा सुरू झाली, आजीआजोबांना बोलावलं होतं. कार्यक्रमाच्या आरंभी एका मुलीने पुढे येऊन सांगितलं, की ही जमीन कुलिन राष्ट्रातल्या वुरुंजेरी लोकांची आहे आणि त्यांच्या पूर्वजांना आम्ही वंदन करतो.

"आपण नाही का, कुठलंही कार्य काढलं की आधी ग्रामदेवतेला विडा ठेवतो," काकू म्हणाल्या, "तसं वाटलं मला. ज्याची जागा त्याला आधी मान."

मी मात्र आपल्या डोंगराकडे पाहत राहिले. बदलापूरच्या भोवती, बारवीपासून मुरबाड-कर्जतच्या रानापर्यंत ठाकूर आणि कातकरी पाडे आहेत. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, ठाणे-पालघरच्या पाड्यांतून मिरवणुका निघतात, तारपा वाजतो. आमच्या सोसायट्यांमध्ये तो दिवस येतो आणि जातो. इथले इमले कुणाच्या रानावर उभे राहिले, हे आमच्या शाळेतल्या पोरांना कार्यक्रमाच्या आरंभी कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पहाटेचे दोन दिवस

२५ एप्रिल हा अँझॅक दिन. अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संयुक्त सैन्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं. १९१५ मध्ये या तारखेच्या पहाटे हे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. मोहीम फसली. आठ महिन्यांत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक तिथे पडले. ऑस्ट्रेलिया आपला सर्वांत मोठा स्मरणदिन पाळतो तो अशा हरलेल्या लढाईचा. अंधार असतानाच लोक गावोगावच्या स्मारकापाशी जमतात. कोटाला रोझमेरीची काडी खोचलेली, बिगूल वाजतो, सगळे गप्प उभे राहतात. काकूंची लेक एका वर्षी लहान मुलाला कडेवर घेऊन गेली होती. "आई, एवढी माणसं आणि एक आवाज नाही," एवढंच तिने सांगितलं.

त्या किनाऱ्यावर भारतीयही होते. चौदावी शीख पलटण होती, खेचरांवर तोफा वाहणाऱ्या पहाडी तुकड्या होत्या, पाणी आणि दारूगोळा पोचवणारे खेचरवाले होते. गाढवावरून जखमींना खाली आणणाऱ्या सिम्प्सन या सैनिकाची गोष्ट ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. तो सिम्प्सन मुक्कामाला असायचा या भारतीय खेचरवाल्यांच्या तळावर.

त्याच काळात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, लढत होत्या. कुतच्या वेढ्यात त्या उपाशी अडकल्या. लंडन, सिडनीत पहिला अँझॅक दिन पाळला गेला २५ एप्रिल १९१६ रोजी, आणि कुत पडलं त्यानंतर चारच दिवसांनी, २९ एप्रिलला. त्या २९ एप्रिलची आपल्या कॅलेंडरात खूण नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी गावांत, या गावातून अमुक इतके लोक महायुद्धावर गेले, अशा मजकुराचे दगड आहेत. येताजाता ते दिसतात, वाचत कुणी नाही.

तरी पहाटेचा एक दिवस आपल्याकडेही आहे, आणि तो कुळगावपासून लांब नाही. बदलापूरहून बारवी धरणाच्या अंगाने मुरबाडकडे गेलं की सिद्धगडाचं रान लागतं. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल १९४२ मध्ये भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी सिद्धगडाच्या जंगलात त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. कोतवाल तिशीचे होते. दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या थंडीत लोक तिथे जमतात आणि मानवंदना देतात. त्या दिवसाला सरकारी सुट्टी नाही. माणसं रात्रीच निघतात, मानवंदना झाली की परततात, आणि पुष्कळ जण तसेच कामावर जातात.

अँझॅक दिनाला सुट्टी आहे आणि लोक ती पाळतात. सिद्धगडला सुट्टी नाही, तरी लोक दिवस पाळतात. उलट ज्या लाल तारखेला आपण नुसते उशिरा उठतो, तो दिवस हळूहळू आपल्या हातून जातो. सरकारला सुट्टी देता येते, दिवस राखणं मात्र लोकांच्याच हाती असतं.

दगडफोडे आणि गिरणीकामगार

मार्चच्या दुसऱ्या सोमवारचा गोल मला सर्वांत जवळचा वाटला. व्हिक्टोरिया राज्यातला हा कामगार दिन. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्न विद्यापीठाच्या बांधकामावरच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि ते संसदभवनाच्या दिशेने चालू लागले. वाटेतल्या बांधकामांवरचे कामगार त्यांना येऊन मिळाले. मागणी साधी होती: दिवसाला आठ तास काम, पगार तोच. ती त्यांनी मिळवली. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास झोप. हे आठाचे तीन आकडे कोरलेलं स्मारक मेलबर्नच्या रसेल रस्त्याच्या नाक्यावर आजही उभं आहे. कामगारांची मिरवणूक कित्येक दशकं निघत होती. १९५५ पासून त्याच दिवसांत यारा नदीकाठी मूंबा नावाचा लोकोत्सव भरतो. काकू नातवाला घेऊन तिथे गेल्या, पाळण्यात बसल्या. हा दिवस पाथरवटांनी मिळवला, हे मी त्यांना आता सांगितलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. त्यांचे सासरे परळच्या गिरणीत होते.

मेलबर्नचे पाथरवट आठ तास मागत होते, त्यानंतर तीस वर्षांनीही मुंबईच्या गिरणीत आठवड्याची एक सुट्टी नव्हती. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की घर, महिन्याचे सगळे दिवस. ठाण्यात १८४८ मध्ये जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. काही काळ ते गिरणीत भांडारपाल होते, म्हणजे हे सगळं त्यांनी आतून पाहिलं होतं. 'दीनबंधू' पत्र त्यांनी चालवलं. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पंधरा तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. याच वर्षी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला हवा, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचं सांगितलं जातं. त्यानंतर सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७च्या प्लेगमध्ये गेले.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखाना कायद्याची दुरुस्ती पुढे आली, आणि १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांचा झाला.

बदलापूर मुंबईच्या टोकापासून सुमारे ६८ किलोमीटर. पहाटेच्या लोकलसाठी आमच्या स्टेशनात जी गर्दी उसळते, तिच्यातल्या प्रत्येकाला रविवारची किंमत विचारून पाहा. त्या दिवशी डबा भरायचा नसतो, जिना धावत चढायचा नसतो. पण हा लाल आकडा एका माणसाने आणि हजारो गिरणीकामगारांनी मागून, भांडून मिळवला, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक आहे? रविवारच्या चौकटीत लोखंड्यांचं नाव छापलेलं नसतं.

उलट्या ऋतूतला सण

काकूंनी मेलबर्नला संक्रांत केली ती ऐन उन्हाळ्यात. जानेवारीत तिथे पारा कधीकधी चाळिशी गाठतो. ऊब देणारी काळी साडी आणि अंगात उष्णता आणणारा तिळगूळ, दोन्ही उन्हाच्या झळांत. उत्तरायण म्हणजे सूर्य आपल्याकडे येणार, दिवस मोठा होणार. दक्षिण गोलार्धात डिसेंबरच्या शेवटापासून तोच सूर्य दूर जायला लागतो आणि दिवस लहान होत जातो. तिथे भरदुपारचा सूर्य उत्तरेला असतो. चंद्रकोरही उलटी दिसते. आपल्याकडे बीजेची कोर उजवीकडून उजळते, तिथे डावीकडून. "आधी वाटलं, आपणच चुकतोय," काकू सांगतात. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात पाहून चालत नाही, ती मेलबर्नची वेगळी काढावी लागते.

बॅगेतून काय न्यायचं, तेही शिकावं लागलं. भारतातून दुधाचे पेढे, बर्फी तिथे नेता येत नाहीत. बी-बियाणं, आंब्याची पानं, ताजी फुलं विमानतळावरच काढून घेतात. काकू तिळगुळाच्या वड्या घेऊन गेल्या आणि विमानतळावर सगळं लिहून, दाखवून पुढे गेल्या.

हळदीकुंकू त्यांनी ठेवलं २६ जानेवारीला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, आणि त्या वर्षी रथसप्तमी होती २८ जानेवारीला. सुट्टीमुळे सगळ्या जणींना येणं जमलं. नागपूरची, सांगलीची, डोंबिवलीची, अशा वीसेक जणी. संध्याकाळी साडेआठ वाजून गेले तरी उजेड होता. ज्या तारखेवरून तिथल्या लोकांच्या मनात एवढा सल आहे, त्याच तारखेने या बायकांना एकत्र बसायला दुपार दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही जाणून घेऊन तिथे राहायला हवं, असं काकूंच्या लेकीचं म्हणणं आहे. पुढच्या वर्षीपासून तिने हळदीकुंकू रथसप्तमीच्या जवळच्या शनिवारी ठेवायला सुरुवात केली.

तसे तिथले बहुतेक मराठी सण शनिवारीच होतात. २०२१च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजारांहून अधिक लोक ऑस्ट्रेलियात होते. परदेशात जन्मलेल्यांत तेव्हा इंग्लंडनंतर त्यांचाच क्रमांक होता. तरी दिवाळीची सुट्टी नाही. मग गणपती, कोजागिरी, दिवाळी जवळच्या शनिवारकडे सरकतात. महाराष्ट्र मंडळं शाळांचे हॉल भाड्याने घेतात, ढोल-लेझीम पथकं महिनोन्महिने सराव करतात, मोदक साच्यातून निघतात. तिथी मंगळवारची असली तरी आरती शनिवारी. गिरणीतल्या त्या पहिल्या रविवारासारखंच हे. मिळालेल्या एका दिवसात आठवड्याचं सगळं जगणं बसवायचं.

हिरवा गोल

काकूंनी एक जुनं पान जपून ठेवलं आहे, नोव्हेंबर २०२१चं. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या आणि दीड वर्षाहून अधिक काळ लेक येऊ शकली नाही, काकू जाऊ शकल्या नाहीत. नातू त्याच काळात मोठा होत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या कोविशील्डला तिथे मान्यता मिळाली. १ नोव्हेंबरला सिडनी-मेलबर्नचे दरवाजे उघडले आणि नागरिकांचे आईवडील जवळचे कुटुंबीय धरले गेले. दुसऱ्या दिवशी मंगळवार, २ नोव्हेंबर. मेलबर्न कपची सुट्टी, आणि नेमकी धनत्रयोदशी. आपल्या कॅलेंडरात ती चौकट काळीच आहे, धनत्रयोदशीला इथे सुट्टी नसते. तिच्यात हिरवा गोल आहे आणि बाजूला काकूंच्या अक्षरात एकच शब्द, 'पासपोर्ट'. त्या दिवशी फोन सकाळी लागला तो दिवे लागेपर्यंत चालू होता.

या वर्षीच्या कालनिर्णयात काकूंनी मला एक नवा गोल दाखवला, भाऊबीजेचा. गेली काही वर्षं महाराष्ट्र शासन आपल्या कार्यालयांना भाऊबीजेची जादा सुट्टी देतं. काकूंचा मुलगा सरकारी नोकरीत, तो घरी असतो. बहीण मात्र त्या दिवशी कामावर. इथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, ती दमून नुकती घरात शिरत असते. या वेळी तिने तीन महिने आधी अर्ज करून रजा मंजूर करून घेतली. पूर्णवेळ कामगाराला तिथे वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, तिच्यातलाच एक दिवस. ती रजा काही आकाशातून पडलेली नाही. आठ तासांसाठी चाललेल्या पाथरवटांपासून पिढ्यान् पिढ्या कामगारांनी मागितली, म्हणून आज कुळगावच्या एका मुलीच्या हाती आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही यादीत हा दिवस नाही. काकूंनी पेन उघडलं, गोल आणखी एकदा गिरवून गडद केला, आणि मला म्हणाल्या, "त्या दिवशी दुपारी ये गं. निवांत बोलू आम्ही."